समाजमाध्यमांतून निधिसंकलन : दाता, पात्र आणि हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या गतकार्याचा गौरव करावा, अशी प्रथा आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी अधिक अधिकारवाणीने केले आहे. मला नेमून दिलेला विषय थोडा निराळा आहे. सेवाभावी संस्थांनी समाजमाध्यमांच्या साहाय्याने निधी कसा उभारावा, या विषयावर मी बोलावे अशी विश्वस्तांची सूचना आहे. विषय तरुण कार्यकर्त्यांनी सुचविला आणि ज्येष्ठांनी तो काहीशा नाखुशीने मान्य केला, असेही माझ्या कानावर आले आहे. तरुणांचा उत्साह मला पटतो. पण ज्येष्ठांच्या नाखुशीमागेही काही तथ्य आहे, आणि आज माझा बराचसा वेळ त्या तथ्याचा शोध घेण्यातच जाणार आहे. व्यवसायाने मी हिशेब तपासणारा मनुष्य आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात भक्तिरसापेक्षा जमाखर्च अधिक आढळला तर क्षमा असावी.

अनेकांकडून थोडे थोडे घेऊन मोठे कार्य उभारणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना मांडली. प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला पाठबळ दिले आणि त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. पुढे आपल्याच समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिगत आपण सर्व जाणतो. त्याच परंपरेतील मूठफंडाची पद्धत मात्र आज विस्मरणात चालली आहे. रोजच्या स्वयंपाकाच्या धान्यातून गृहिणीने एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि साठलेले धान्य वसतिगृहातल्या मुलांच्या मुखी जायचे. देणारी बाई श्रीमंत नव्हती. तिला कोणी पावतीही देत नव्हते. परंतु धान्य न्यायला येणारा मनुष्य तिच्या ओळखीचा होता, आणि ज्या मुलांच्या पोटात ते धान्य जाई त्यांतला एखादा तिच्याच गावचा असे.

आजच्या माध्यमात नेमका हाच दुवा सुटला आहे. मागणारा कोण, हे देणाऱ्याला दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर एक छायाचित्र येते, चार ओळी येतात, खाली क्यूआर कोड असतो. अंगठ्याच्या एका स्पर्शात रक्कम जाते. २०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली आणि देण्यातला शारीरिक श्रम जवळजवळ संपला. श्रम संपला ही सोय झाली. पण त्या श्रमासोबत जी ओळख-पाळख होत असे तीही संपली. तिची जागा कशाने भरून काढायची, हा प्रश्न सोडवल्याशिवाय संस्थेने या माध्यमात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या माध्यमाचे सामर्थ्य किती, हे समजण्यासाठी मी आपल्याला एका परदेशी उदाहरणाकडे नेतो. ते थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण आरंभापासून शेवटपर्यंतचा त्याचा हिशेब उपलब्ध आहे.

एएलएस नावाचा एक दुर्धर आजार आहे. त्यात स्नायूंचे नियंत्रण करणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होतात. हातपाय, वाचा आणि शेवटी श्वासही थांबतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे हा आजार जगाला ठाऊक झाला. हॉकिंग अपवाद ठरले. बहुतेक रुग्णांना निदानानंतर मोजकीच वर्षे मिळतात. २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक खेळ चालू होता. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची, त्याचे चित्रण समाजमाध्यमावर टाकायचे आणि आपल्या ओळखीच्या काही जणांची नावे घेऊन त्यांना आव्हान द्यायचे, की चोवीस तासांच्या आत तुम्हीही हे करा, नाहीतर देणगी द्या. आरंभी या खेळाचा कोणत्याही एका आजाराशी संबंध नव्हता. ज्याला जी संस्था प्रिय, तिचे नाव तो घेई. जुलैमध्ये एका गोल्फपटूने आपल्या नात्यातील रुग्णासाठी तो एएलएसशी जोडला. पुढे न्यूयॉर्क राज्यातील पॅट क्विन आणि बॉस्टनचा माजी बेसबॉलपटू पीट फ्रेट्स या दोन तरुण रुग्णांनी आपल्या मित्रपरिवारात तो पसरवला आणि पाहता पाहता देश व्यापला. बिल गेट्स यांनी बादली ओतून घेतली, माजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ओतून घेतली. फेसबुकवर १ कोटी ७० लाखांहून अधिक चित्रफिती जमा झाल्या. एएलएस असोसिएशन या संस्थेकडे त्या काही आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर आले. म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सातशे कोटी रुपये. आदल्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास महिनाभरात याच संस्थेला तीस लाख डॉलरही मिळाले नव्हते.

इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. तरुण मित्र ती सांगतात आणि म्हणतात, आपणही असे काहीतरी करू. माझी विनंती अशी की, या कथेतील पुढची पाने वाचावीत.

पहिले म्हणजे, हा खेळ त्या संस्थेने योजला नव्हता. लोकांनी तो उचलला आणि संस्थेच्या दारात आणून ठेवला. त्याच ऑगस्टमध्ये संस्थेने या खेळाच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळावा म्हणून अर्ज केला, तेव्हा इतका गहजब झाला की तो अर्ज मागे घ्यावा लागला. लोकांनी दिलेली लाट आपल्या मालकीची होत नाही. दुसरे, पुढील वर्षी तोच उपक्रम संस्थेने पुन्हा करून पाहिला, तेव्हा देणग्या पहिल्या वर्षाच्या अल्पांशावर राहिल्या. ज्यांनी ‘दरवर्षी असा पूर येईल’ असे गृहीत धरून खर्च वाढवला असता, त्यांची काय अवस्था झाली असती, याचा विचार करावा.

पण तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पैसे आल्यावर संस्थेने त्यांची वाटणी जाहीर केली. सुमारे दोन-तृतीयांश संशोधनाला, एक-पंचमांश रुग्णसेवेला, उरलेले लोकशिक्षण, निधिसंकलन आणि पैशांच्या देवघेवीच्या शुल्काला. मग काम सुरू झाले. २०१६ साली या आजाराशी संबंधित असलेले एनईके-१ हे जनुक ओळखण्यात आले. त्या आंतरराष्ट्रीय संशोधनाला या निधीची मदत झाली होती. याच निधीतील सुमारे बावीस लाख डॉलर एका नव्या औषधाच्या चाचण्यांना दिले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा मोठा जल्लोष झाला. परंतु पुढच्या मोठ्या चाचणीत त्या औषधाचा गुण दिसला नाही आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. पीट फ्रेट्स २०१९ साली गेला, पॅट क्विन २०२० साली.

आता सांगा, ते पैसे वाया गेले का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. संशोधनात दहा वाटा धुंडाळाव्या लागतात, तेव्हा एक सापडते. पण बादली ओतून घेणाऱ्याला त्या उन्हाळ्यात हे कोणी सांगितले होते? त्याला वाटले होते, आपल्या शंभर डॉलरने आजार बरा होणार. समाजमाध्यम देणगीदाराला एका क्षणाचे समाधान देते. काम मात्र दहा वर्षे चालते. त्या दहा वर्षांत अपयशासह सर्व कळवत राहणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. यश कळवायला सर्वच संस्था उत्सुक असतात. अपयश कळवणारी संस्था विरळा.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. मार्च २०१२ मध्ये युगांडातील जोसेफ कोनी या क्रूर बंडखोराविरुद्ध एका अमेरिकन संस्थेने तयार केलेली अर्ध्या तासाची चित्रफीत सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. त्यानंतर एप्रिलमध्ये एका रात्री गावोगावी भित्तिपत्रके लावण्याचे आवाहन होते. तेव्हा रस्त्यावर फारच थोडी माणसे उतरली. कोनी सापडला नाही, आणि २०१४ च्या अखेरीस त्या संस्थेने आपले बहुतेक काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. पाहणे, पसंतीची खूण उमटवणे आणि प्रत्यक्ष देणे यांत केवढे अंतर आहे! २०१३ साली युनिसेफच्या स्वीडनमधील शाखेने तर याच विषयावर एक परखड जाहिरात काढली होती. आमच्या फेसबुक पानावर पसंती नोंदवलीत तर त्यातून पोलिओची एकही लस दिली जाणार नाही, लसीला पैसे लागतात, असा तिचा आशय होता. मला ती जाहिरात फार आवडते.

आपल्याकडेही हे सामर्थ्य आपण पाहिले आहे. बर्फाच्या बादलीच्या त्याच वर्षी हैदराबादच्या एका महिला पत्रकाराने पाण्याऐवजी तांदळाची बादली सुचविली: गरजूला बादलीभर तांदूळ द्या आणि त्याचे छायाचित्र टाका. आपल्या मातीला शोभणारा बदल होता तो. मिलाप, केट्टो, इम्पॅक्टगुरू यांसारखे निधिसंकलनाचे मंच २०१० नंतरच्या काही वर्षांत उभे राहिले. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांनी अशाच एका मंचावरून सात कोटींचे आवाहन केले आणि आठवड्याभरात अकरा कोटींहून अधिक रक्कम जमली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईतील एका तान्ह्या बालिकेच्या दुर्मीळ आजारावरील औषधासाठी सुमारे सोळा कोटी रुपये हवे होते. अनोळखी लोकांनी ते जमवले आणि केंद्र शासनाने औषधावरील कर माफ केले. ज्या देशात ‘कोणी कोणाचे नसते’ असे आपण उठता-बसता म्हणतो, तिथे हे घडले.

मात्र या ठिकाणी एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. एका बालकासाठी सोळा कोटी जमतात आणि शेकडो मुलांच्या पोषणाचे काम करणाऱ्या संस्थेला वर्षभरात सोळा लाख मिळत नाहीत, असे का? याचे उत्तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळते. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी सहभागी व्यक्तींना प्रत्येकी पाच डॉलर दिले आणि त्यातून हवी तेवढी देणगी देण्याची मुभा दिली. काहींना आफ्रिकेतील उपासमारीची आकडेवारी दाखवली. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचे छायाचित्र आणि तिची कहाणी दाखवली, त्यांनी २.३८ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला कहाणी आणि आकडेवारी दोन्ही दाखवली. कोणालाही वाटेल की या गटाने सर्वाधिक दिले असेल. प्रत्यक्षात त्यांनी १.४३ डॉलर दिले. आकडे शेजारी येताच करुणा आटली.

माणसाचे मन असे आहे. समाजमाध्यमावर निधी मागणारा प्रत्येक जण, हा अभ्यास वाचलेला असो वा नसो, हे ओळखून असतो. म्हणून तर पडद्यावर नळ्या लावलेली बालके दिसतात, रडणाऱ्या माता दिसतात, धान्याची पिशवी स्वीकारताना मान खाली घातलेला वृद्ध दिसतो आणि त्याच्या बाजूला सातजण कॅमेऱ्याकडे पाहत उभे असतात. हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यात पिशवीवर हात ठेवण्यासाठी जी दाटी झालेली असते, तीवरून पिशवीत काय असावे याचा अंदाज येतो.

ज्येष्ठांची जी नाखुशी मी आरंभी म्हटली, तिचे मूळ मला इथे सापडते. आपल्या परंपरेत दानाचे मोल केवळ रकमेवर ठरत नाही. तत्त्वार्थसूत्राने ते विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांच्या वैशिष्ट्यावर अवलंबून ठेवले आहे. आपण बोली बोलतो, चढावे करतो, नामफलक लावतो. तेव्हा दात्याच्या नावाचा आपल्याला संकोच आहे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर या सभागृहाच्या भिंतीच मला खोटे पाडतील. पण तिथे नाव लागते ते देणाऱ्याचे. ज्या विद्यार्थ्याची फी भरली त्याचे नाव आपण कधी फलकावर लावले नाही. समाजमाध्यमाने हा क्रम उलटा केला आहे. देणारा अनामिक राहतो आणि घेणाऱ्याचा चेहरा गावभर होतो. तो मुलगा पुढे मोठा होईल, नोकरी करील, त्याचे लग्न जमेल. आणि त्याच्या वहीच्या पैशांसाठी आपण टाकलेले छायाचित्र कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये तसेच पडून राहील.

कायदाही आता या बाबतीत मौन नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे. बालगृहातील मुलांची छायाचित्रे सर्रास टाकणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात घ्यावे. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन परिषदेनेही २०२२ मध्ये सेवाकार्याच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली: पीडितांच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये आणि न देणाऱ्याच्या मनात अपराधी भाव जागवू नये, असा त्यांचा रोख आहे.

मग चेहरा न दाखवता मागायचे कसे? तरुण मित्र मला हेच विचारतील. मला वाटते, चेहऱ्याच्या जागी वस्तू आणि काम दाखवता येते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील पहाटे पाच वाजताची पेटलेली भट्टी, रात्री अभ्यासिकेत जळणारे दिवे, दवाखान्यातील यंत्र, पांजरापोळातील चाऱ्याची गंजी आणि तिच्या खाली त्या महिन्याचा चाऱ्याचा खर्च. आज नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी स्वेच्छेने, स्वतःच्या शब्दांत बोलायला तयार असेल तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही. कारण तो आता घेणारा राहिलेला नसतो. यातून कदाचित निम्मेच पैसे येतील. येवोत. मी हिशेबनीस असूनही हे म्हणतो आहे, याची नोंद घ्यावी.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. यांतली पहिली मी एका उदाहरणानेच सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हाची गोष्ट आहे. माझ्या माहितीतील एका संस्थेने व्हॉट्सॲपवर ब्लँकेटांसाठी आवाहन केले. आवाहन प्रामाणिक होते, ब्लँकेटे चार दिवसांत वाटूनही झाली. पण संदेशात दिनांक नव्हता, किती ब्लँकेटे हवीत हे नव्हते, कधीपर्यंत हे नव्हते. तो संदेश फिरतच राहिला. पाणी ओसरले, दिवाळी आली, तरी खात्यात कोणाचे शंभर, कोणाचे पाचशे येतच होते. एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, माझ्या पाचशेचे ब्लँकेट कोणाला दिले? विश्वस्तांपुढे पेच पडला. पैसा पूरग्रस्तांसाठी म्हणून आलेला, ब्लँकेटांची गरज उरलेली नाही, आणि तो संस्थेच्या इतर कामाला वळवावा तर देणाऱ्याची संमती नाही. ताळेबंदात ती रक्कम दोन वर्षे लटकत राहिली. तेव्हा प्रत्येक आवाहनात दिनांक, हवी असलेली रक्कम, अंतिम मुदत आणि ‘उरलेली रक्कम अमुक कामी वापरली जाईल’ हे एक वाक्य असलेच पाहिजे. मुदत संपताच आवाहन थांबवल्याचा संदेशही त्याच गटांवर गेला पाहिजे. मागण्याचा संदेश लिहायला सर्वांना वेळ असतो. थांबवण्याचा लिहायला नसतो.

दुसरी बाब खात्याची. देणगी संस्थेच्याच खात्यात, संस्थेच्याच क्यूआर कोडवर यावी. एखादा कार्यकर्ता कितीही निष्ठावान असला तरी त्याच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर रक्कम मागवू नये. उद्या त्याच्यावर संशय येईल तो त्याच्या दोषाने नव्हे, आपल्या ढिलाईने. खोट्या आवाहनांचा धोकाही खराच आहे. मार्च २०२० मध्ये पंतप्रधानांच्या नावाने करोनासाठी निधी जाहीर झाला, त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या यूपीआय ओळखीतील एक अक्षर गाळून तयार केलेल्या बनावट ओळखी फिरू लागल्या. जिथे पंतप्रधानांचे नाव सुटले नाही तिथे आपल्या ट्रस्टचे काय? संस्थेची अधिकृत यूपीआय ओळख कार्यालयाच्या फलकावर, पावतीपुस्तकावर आणि या स्मरणिकेसारख्या प्रकाशनांत कायमची छापलेली असावी, म्हणजे कोणालाही ताडून पाहता येईल.

तिसरी बाब कराची. ८०जी या नावाने आपल्याला परिचित असलेल्या सवलतीसाठी दोन हजार रुपयांवरील रोख देणगी २०१७-१८ पासून चालत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचे विवरण संस्थेने आयकर खात्याकडे सादर करावे लागते आणि त्यानुसार मिळालेले प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. क्यूआर कोडवर आलेल्या रकमेबरोबर पूर्ण नाव, पत्ता, पॅन येत नाहीत. मार्चअखेरीस कार्यालयातील मंडळी बँकेचा उतारा पुढे घेऊन ‘हे एकशे एक रुपये कोणाचे?’ म्हणून डोके खाजवत बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून कोडशेजारी नाव-पत्ता भरण्याचा साधा अर्ज किंवा संपर्क क्रमांक हवाच. कोणाला गुप्तदान करायचे असेल तर जगापासून गुप्त राहण्याचा त्याचा अधिकार आपण जपू. मात्र संस्थेच्या वहीपासून त्याला गुप्त राहता येणार नाही, कारण अनामिक देणग्यांवर सेवाभावी संस्थांना ठरावीक मर्यादेपलीकडे कर भरावा लागतो. आणखी एक सांगतो. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळतच नाही, आणि तरुण नोकरदार मोठ्या संख्येने त्या प्रणालीत गेले आहेत. तेव्हा ‘कर वाचवा’ हे आपले जुने आवाहन त्यांच्यापुढे निरुपयोगी आहे. त्यांना कामच सांगावे लागेल.

चौथी बाब परदेशस्थ आप्तांची. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत आणि समाजमाध्यमाला सीमा नाहीत. परंतु परकीय योगदानाच्या कायद्याला आहेत. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले तो कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत ठरतो, मग तो आपल्या वाड्यात का जन्मलेला असेना. भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून त्याच्याकडे कार्ड असले तरीही. त्याची देणगी घ्यायची तर संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी स्वतःच्या मिळकतीतून देत असेल तर ती परकीय देणगी मानली जात नाही. हा भेद देणाऱ्याला ठाऊक नसतो. विचारण्याचे काम आपले आहे. पुतण्याने प्रेमाने पाठवलेल्या दहा हजारांपायी संस्था अडचणीत येऊ नये.

मंचांविषयी थोडक्यात: काही मंच शुल्क घेतात, काही ‘ऐच्छिक’ म्हणून देणगीदाराच्या रकमेत आपली टक्केवारी आधीच भरून ठेवतात. करार वाचून घ्यावा, एवढेच.

शेवटी एका मराठी उपक्रमाचा उल्लेख करतो, जो समाजमाध्यमाचा नाही, पण समाजमाध्यमाला शिकवील असा आहे. ‘लोकसत्ता’ दैनिक २०११ पासून गणेशोत्सवाच्या दिवसांत ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या नावाने निवडक सेवाभावी संस्थांची ओळख वाचकांना करून देते. संस्था आधी पाहिली जाते, तिच्या कामाविषयी सविस्तर लिहिले जाते, आणि मग वाचक देणगी पाठवतात. त्यात निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेल्या छोट्या रकमाही असतात. इथे वृत्तपत्राने जे केले ते मूठफंडातील ओळखीच्या माणसाचे काम होते. कोणीतरी जाऊन, पाहून, ‘काम खरे आहे’ असे सांगितले.

आपल्या ट्रस्टजवळ तो ओळखीचा माणूस आयताच आहे. पन्नास वर्षांत या संस्थेच्या वसतिगृहात राहून गेलेले विद्यार्थी, रुग्णसाहाय्य घेऊन पुढे स्वतः देणगीदार झालेली कुटुंबे यांची नावे कार्यालयाच्या कपाटातील जुन्या नोंदवह्यांत आहेत. लाखो अनोळखी लोकांपुढे जाण्याआधी या हजार-दोन हजार जणांचे दूरध्वनी क्रमांक जमवावेत, ही माझी तरुणांना पहिली सूचना आहे. कंटाळवाणे काम आहे. दोन मुले आणि एक संगणक असेल तर चार-सहा महिन्यांत होईल. आणि त्यांना पहिला संदेश जाईल त्यात काही मागू नये. गेल्या वर्षीचा जमाखर्च एका पानावर, साध्या मराठीत, आकडे मोठ्या टंकात: किती आले, कशावर गेले, काय राहून गेले. ‘काय राहून गेले’ हा रकाना विश्वस्तांना बोचेल, पण तो असावा. मागणीचा संदेश तीन महिन्यांनी पाठवावा. त्या तीन महिन्यांत जमाखर्चावर कोणी शंका विचारली तर तिला चोवीस तासांत, नावानिशी उत्तर द्यावे, आणि उत्तर देणारी व्यक्ती कोण हे आजच ठरवून ठेवावे. माझी सूचना अशी की, ते काम कोषाध्यक्षांवर न सोपवता एखाद्या भगिनीकडे द्यावे. घरखर्चाचे हिशेब ज्यांनी आयुष्यभर दिले आहेत, त्यांना प्रश्न विचारला गेल्याचा राग येत नाही.

अध्यक्ष महोदयांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. कराविषयीचे प्रश्न कृपया लेखी द्यावेत, म्हणजे उत्तरे नीट देता येतील.